बारा ते चार

चैत्र लागला की विट्याच्या अलीकडं, आमच्या गावात
बाराच्या ठोक्याला रस्ता रिकामा होतो
आणि माझ्या शिलाईच्या दुकानाचं शटर
आतून खाली येतं.
आत मी, मशीन, जत्रेचे सदतीस ब्लाऊज
आणि गल्लीतली सहा पोरं.
आया सांगून जातात, "उन्हात सोडू नका हं, ताई,"
जसं काही ऊन माझ्या कपाटात असतं
आणि किल्ली कमरेला.

पहिला दिवस नुसत्या भांडणात गेला.
दुसऱ्या दिवशी राजनंदिनीनं माझा मापाचा खडू उचलला,
फरशीवर पट आखला,
आडवी पाच घरं, उभी पाच, मधल्या घरात फुली.
सोंगट्यांना बटणं:
समरजितला कोटाची काळी, अल्फियाला मोत्याची
(ती एका नवरीच्या पाठीवर लागायची होती,
चारातली तीनच सापडली).
फासे चिंचोक्यांचे,
पायरीच्या दगडावर घासून
एका अंगानं पांढरे केलेले.
"आठ पडले!"
"कुठलं आठ, एक उताणा हाय की!"
मी पायडल थांबवून निकाल देते.
निकाल कुणालाच पटत नाही.

मग राजा, राणी, चोर, शिपाई.
चिठ्ठ्या जुन्या मापांच्या कागदाच्या.
पुढं लिहिलंय चोर,
मागं कंबर चौतीस, बाही नऊ, गळा मटका.
धाकट्या पृथ्वीला चोरच व्हायचं असतं,
चिठ्ठी उघडायच्या आधीच हसतो
आणि दर वेळी सापडतो.

एका दुपारी लाईट गेली.
पंखा दोन गिरक्या घेऊन निजला.
शटरला एक भोक आहे,
जुन्या पाटीचा बोल्ट निघाला तिथलं, वाटाण्याएवढं.
अंधार दाटला तसा
मागच्या भिंतीवर, कापडाच्या ताग्यांच्या वर,
आमचाच रस्ता उमटला.
उलटा.
खाली आभाळ, वर डांबर.
पारावरचा पिंपळ
तांबूस नवी पानं घेऊन खाली लोंबत होता,
एक कुत्रं छताला पाठ लावावी तसं
पाय ताणून झोपलेलं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग अल्फिया हळूच म्हणाली,
"काकू, हे कुणी लावलं?"

त्या दिवसापासून पट पुसला गेला.
सहाही जण फरशीवर पाठ टेकून.
जो आधी ओळखेल त्याला एक बटण.
गारेगारवाला पेटीवरनं कळतो, घंटेच्याही आधी.
हणमाबाईची शेळी शिंगांवरनं.
शकूअक्का छत्री घेऊन गेली,
उलट्या छत्रीत आभाळ भरून, न सांडता.
माझे ब्लाऊज सदतीसच्या सदतीस तसेच.
मीही दोन बटणं जिंकली, खोटं कशाला बोलू.

जत्रेच्या आदल्या दिवशी
एक माणूस डोक्यावर चालत आला.
खांद्याला पिशवी, हातात खोका,
पाराशी थांबला, कुणाला काही विचारलं.
"पाव्हणा!" समरजित ओरडला, "माझं बटण!"
माणूस मोठा होत गेला, आणखी मोठा,
मग त्यानं भोकच झाकलं
आणि भिंतीवरचं गाव विझलं.
शटरवर थाप.

मी शटर उचललं.
उजेडानं भिंत धुऊन काढली,
पाच पोरं एकदम कलकलली,
"काकू, खाली घ्या की! पिक्चर गेला!"
माणूस वाकून आत आला,
डोळे किलकिले करत म्हणाला,
"समर हाय का हितं?"

वारंगळला गलाईच्या दुकानात
दुसऱ्यांचं सोनं आटवणारा हा माणूस
वर्षातून एकदा येतो, दर वेळी थोडा वाळलेला.
समरजित नुसता बघत राहिला.
मग पाठमोरा झाला, वाकला,
स्वतःच्याच पायांमधून
त्याला उलटं बघितलं.
नीट, वरपासून खालपर्यंत.
"पप्पा हाय," तो म्हणाला,
तसाच, वाकलेल्या वाकलेला.

राजनंदिनीनं हात पुढं केला:
"तू पाव्हणा म्हणालतास.
बटण परत दे."