उन्हात धरा

सक्करदऱ्याच्या बाजारात
कुमरेबाईंच्या डालग्यात हात घातला
तर पहिली चोच मनगटावर.
"तिले वळख नाही ना बापा तुमची."

पंखाखालची शीर शोधायला
पिसांवर हळू फुंकर मारावी लागते.
एक थेंब, इवल्याशा नळीत.
ना-१७. मादी. रंग: काळा.

"काळी कायची? उन्हात धरा तिले."
धरली.
गळ्यापासून शेपटीपर्यंत मोरपंखी सरकत गेलं.
"माय उलट्या पिसाची होती इची,
बाप कोण, थे मायलेच ठाऊक."

फॉर्मवर रंग छापलेत पाच.
संध्याकाळपर्यंत सतरांतल्या चौदा
'इतर'मध्ये गेल्या.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर,
त्या दुपारी हिंगण्याच्या शेडमध्ये
एकाच दिवशी उबवलेल्या, एकाच वजनाच्या
पांढऱ्या कोंबड्यांनी
तासाभरात माना टाकल्या.
मोजायला सोप्या होत्या.

बाईंना फोन केला.
"हायेत ना. बोडक्या मानेची तं
कूलरच्या गळत्या पान्यात पाय देऊन उभी हाय.
अन् तुमची सतरा नंबरवाली
खुडूक बसली, दुसरीच्याच अंड्यायवर.
उठवाले गेली का टोचते."

मनगटावरची खूण केव्हाच गेली आहे.
फ्रीजरचं दार उघडतो,
उणे ऐंशीची वाफ चष्म्यावर.
ना-१७ची नळी, बर्फानं पांढरी झालेली.

वही काढतो,
'काळा' खोडतो,
लिहितो: मोरपंखी.
आणि समासात, बारीक अक्षरांत:
उन्हात धरा.