डांबराचं कुंपण

दाभोळच्या जेटीपर्यंत डांबरी रस्ता आला त्या वर्षी
ह्यांनी मुकादमाकडून बावीस रिकामी पिंपं आणली,
छिन्नीनं फोडली, घणानं सपाट केली
आणि परसाच्या खाडीकडच्या अंगाला
ओळीनं उभी ठोकली.
आठ दिवस घणाचा आवाज. कोंबड्यांनी अंडी घातली नाहीत.
नवव्या दिवशी हे चार पावलं मागे सरले,
कमरेवर हात ठेवून म्हणाले,
"आता बघू कुणाची म्हैस आत येते!"

म्हैस आली नाही. वाराही आला नाही.
दिसायची ती खाडी गेली,
तिच्या जागी काळं, पोचे पडलेलं काहीतरी,
आणि सातव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात
कारखान्याचा आकडा, आडवा पडलेला.
तांदूळ निवडायला बसलं की तो समोर.
मला आजही पाठ आहे, पण मान वाकडी केली तरच.
वैशाखात सांध्यांतून डांबर पाझरायचं.
एकदा कोंबड्याचा पाय चिकटला, रॉकेलनं सोडवला.
तो जे ओरडला
ते माझ्याच मनातलं होतं.

वाईट दिसतं, असं मी कधी म्हटलं नाही.
म्हटलं, "जागा फुकट जाते, वेल लावते."
"लाव. माझ्या पत्र्याला खिळा मारू नको."

गोकर्ण लावली. वीतभर चढली, पत्र्याला टेकली,
दुपारी जळल्या केसासारखी वळली.
घोसाळी लावली. तीही गेली.
मग एकदा सांध्यातून पलीकडची हलिमाबी बोलली,
नुसता आवाज, आणि एक डोळा:
"अगो, पत्रा तापतो तव्यासारखा.
पोरांना तव्यावर कशाला निजवतेस?"
आणि वरून तिच्या दिराचं फाटकं जाळं
धपकन माझ्या अंगावर.

चिवारीच्या काठ्या रोवून
ते जाळं पत्र्यापासून हातभर अलीकडे टांगलं.
दोन महिने बांगड्याचा वास, गावभरची मांजरं.
त्यावर अबई, कृष्णकमळ आणि करांदा.
करांद्याला मी माझ्या बाजूनं गुंडाळला,
सकाळी बघते तर सुटून
आपल्याच वळणानं वर निघालेला.
दुसऱ्यांदा गुंडाळला नाही.
घरात असाच एक आहे.

श्रावणात आकडा झाकला.
नंतर करांदे पिकले, रात्री सुटून
पत्र्यावर आपटायचे, टण्ण,
आणि हे झोपेतून, "कोण आहे?"
निम्मे हलिमाबीकडे पडत. ती मीठ घालून उकडी,
आणि सांध्यातून एकेक परत देई, गरम गरम.

येणारेजाणारे म्हणत, काय सुंदर वेल!
हे म्हणत, "मागे पत्रा आहे म्हणून उभी आहे."
यापलीकडे वेलांबद्दल ह्यांचा एक शब्द नाही.

मार्गशीर्षात करांद्याची पानं पिवळी पडली, गळली.
कुंपण पुन्हा समोर, पण काळं नव्हतं,
खाऱ्या हवेनं तांबूस करून टाकलेलं.
हे दिवसभर मुकाट.
दुसऱ्या दिवशी तीन दगडांवर उरलेलं डांबर तापवलं,
सोडणाची कुंचली केली
आणि जाळं बाजूला धरून
बावीसच्या बावीस पत्रे सारवत गेले.
आकडासुद्धा.

संध्याकाळी मी कंदील घेऊन बघायला गेले.
सातव्या पत्र्याला खिळ्याचं एक जुनं भोक आहे.
कृष्णकमळाचा एक तणावा त्यातून पलीकडे गेलेला,
अजून हिरवा, स्प्रिंगसारखा.
त्याच्याभोवती तळहाताएवढी जागा
कोरी सोडलेली.
कड वेडीवाकडी. हात थरथरला असेल,
किंवा कुंचली जाड.
मी विचारलं नाही.

गंजानं धरलं ते तिथूनच.
आता तिथं आरपार भोक आहे
आणि तांदूळ निवडायला मी जरा डावीकडे सरकून बसते.
पानं वाऱ्यानं हलली
तर रुपयाएवढी खाडी दिसते,
भरती असली तर.