रात्री नुसतं पांढरं

दौलतगंजातून फोन येतो तो नेहमी जेवताना.
"अहो शितोळे, पुन्हा तेच. दिवसा सगळं दिसतं,
रात्री नुसतं पांढरं."
काच पुसा म्हणतो. पुसली म्हणतात.
कोळी असेल, उबेला जाळं विणतो. नाही म्हणतात.
मग शिडी, ड्रिल, बलवीर कुशवाह,
आणि जूनमधल्या ग्वाल्हेरची ती दुपार
जिच्यात ॲडॅप्टर बसल्या जागी भाजतात
आणि किल्ल्याकडं नुसतं बघितलं तरी डोळे पोळतात.

पोतनीसांचं घर एक, जिने दोन.
मधे अंगण. अंगणात विटांची भिंत,
कमरेएवढी, प्लास्टर राहून गेलेली.
अलीकडे अच्युतराव, पलीकडे भालचंद्र.
चार कॅमेरे ह्यांचे, चार त्यांचे,
बसवले मीच, एकाच आठवड्यात,
एकमेकांना न सांगण्याच्या अटीवर.
केबलचं एकच बंडल दोघांना पुरलं.
बिलं मात्र दोन.

बीएनसी दाबून पाहिली, वायर हलवून पाहिली,
सप्लाय मोजला, अकरा पॉइंट आठ, चालेल.
डीव्हीआरचं घड्याळ दोन हजार सालात अडकलेलं,
ते ओढून आजवर आणलं.
हार्ड डिस्क कुरकुरते पण चालते,
"माझ्या गुडघ्यासारखी," अच्युतराव म्हणाले
आणि एकटेच हसले.
मग अंधाराची वाट बघत बसलो.

साडेसातला लाल ठिपके पेटले,
ह्या खांबावर एक कडं, त्या खांबावर एक.
आपल्याला तो अंधारच.
कॅमेऱ्याला तो उजेड.
ह्यांचा तीन नंबर त्यांच्या दाराकडं बघतो,
त्यांचा एक नंबर ह्यांच्या.
दोघे आपापला उजेड
समोरच्याच्या डोळ्यांत ओततात
आणि दिसत कुणालाच काही नाही.

उपाय सोपा: एकानं मान खाली घालायची.
दहा अंश. फार तर बारा.
मी स्क्रू सैल केला.

"हात लावू नका. त्याला सांगा घालायला."
भिंत ओलांडता आली असती,
पण रस्त्यानं वळसा घालून पलीकडं गेलो.
भालचंद्रांचं तेच म्हणणं, फक्त आवाज वरचा.

परत आलो तेव्हा अच्युतराव स्क्रीनपाशी,
जुनं रेकॉर्डिंग मागं नेत होते.
फाटक उघडतं. स्कूटर आत येते. फाटक लागतं.
पुन्हा मागं. फाटक उघडतं.
"दुकान साडेदहाला बंद करतो.
मार्चमध्ये स्टेंट घातला त्याला.
मला औषधवाल्याकडून कळलं.
स्कूटर आत आली की मी झोपतो.
आता हे सगळं पांढरं.
काय समजायचं माणसानं?"

भालचंद्र काय बघत असतील
ते मी विचारलं नाही.
ते माझ्या कामात येत नाही.

म्हटलं, दुसरा उपाय आहे.
मधे एक दिवा. नऊ वॉटचा, रात्रभर.
उजेड असला की कॅमेरे लाल डोळे मिटतात,
दिवसासारखं बघतात, रंगांत.
"लावा की."
"भिंतीवर लावावा लागेल."
"लावा."
"मीटर कुणाचा?"

ह्या प्रश्नात आठवडा गेला.

शेवटी एका बुधवारी, भर दुपारी,
दोन्ही घरं पडदे ओढून झोपलेली असताना
बलवीरनं शिडी धरली,
मी विटांवर होल्डर ठोकला, बरोबर मधोमध,
वायर पाइपात घातली, पाइप मातीत,
वर चार कुंड्या सरकवल्या.

रात्री दोघांचे फोन आले, पाच मिनिटांच्या फरकानं.
"दिसतंय," भालचंद्र म्हणाले, आणि ठेवला.
"दिसतंय," अच्युतराव म्हणाले.
मग जरा थांबून,
"शितोळे, कनेक्शन घेतलंत कुणाकडनं?"

माझ्या ताटात वरण निवत होतं.
म्हटलं, आवाज तुटतोय तुमचा,
इथं नेटवर्क नाही.