जवळची खूण

पत्ता भरताना एक रकाना येतो: जवळची खूण.
मी लिहिते, दिघोरे जनरलसमोर.
आणि दिघोरेंकडे न जाता मागवलेलं सगळं
दिघोरेंच्या नावावर माझ्या दारी येतं.

हुकांची पाकिटं, बॉबिन, फॉलचे बारा रंग,
सुईत दोरा ओवायचं ते चिमुकलं पत्र्याचं यंत्र.
तेजरामभाऊंनी ते मागून घेतलं,
चष्मा कपाळावर सारून उलटंसुलटं केलं.
"केवढ्याचं जी?"
"एकोणचाळीस."
"मले तं भंडाऱ्याहून आणाले पंचेचाळीस पडते."
आणि परत दिलं. हातात.

हातात, हे मुद्दाम सांगते.
त्यांचा बाप माझ्या आईचे सुट्टे पैसे
फळीवर वरून टाकायचा,
एखादं नाणं घरंगळत ओट्याखाली जायचं
आणि आई वाकायची.
फोनलाही आडनाव लागतं, रामटेके,
पण फक्त खोक्यावर छापायला.

शिवाय ते दर महिन्याचं सामान.
ओट्यावर चार गडी खर्रा घोटत बसलेले,
आणि आपण म्हणायचं, "ते द्या."
"कोणतं ते?"
आता तपकिरी खोक्यात येतं.
आत काय, गडी विचारत बसोत.

तरी मोरपंखीचं सांगायलाच हवं.
शिवणकरांच्या पोरीचं ब्लाउज, परवावर हळद,
आणि फोनमध्ये मोरपंखी होता तो दोरा
खोक्यातून निघाला बोडीतल्या शेवाळासारखा.
परत करू गेले तर अक्षरं आली:
ही सेवा तुमच्या भागात उपलब्ध नाही.
कापडाचा तुकडा घेऊन धावत गेले.
तेजरामभाऊ काही बोलले नाहीत.
रिळांचा डबा काखेत घेऊन रस्त्यावर उतरले,
भर उन्हात एकेक रीळ तुकड्यावर ठेवत गेले.
मागे एक ट्रॅक्टर हॉर्न देत उभा.
सातवं रीळ लावलं आणि दिसेनासं झालं.
"ट्यूबलाइटात रंग लबाड बोलते, बाई."
आठ रुपये.
माझ्याजवळ पाचशेची नोट.
"राहू दे, मंग देजो."
वहीत लिहिलंसुद्धा नाही.

ते आठ रुपये द्यायचे राहिले.
रोज वाटायचं, आठ रुपयांसाठी काय जायचं,
सोबत काही घेऊ तेव्हा देऊ.
सोबत काही घेणं झालं नाही.

मग एकदा घाईत काळा दोरा संपला म्हणून गेले
तर रिळांच्या जागी कुरकुऱ्यांच्या माळा.
"दोरा ठेवणं बंद केलं जी.
घेणाऱ्या तुमीच तं होत्या एकट्या."
रागानं नाही म्हणाले,
धानाचा भाव सांगावा तसं म्हणाले.
मी कुरकुऱ्याचं एक पाकीट घेतलं.
घरी खाणारं कोणी नव्हतं.
पाचाचं नाणं दिलं, आठाचं बोलायला तोंड उघडलं,
तेवढ्यात कोणीतरी साबण मागितला.

फोन अधूनमधून अभिनंदन करतो,
तुम्ही यावर्षी सहाशे बारा रुपये वाचवले.
कुठे आहेत ते?
मशीनच्या खणात पाहिले, डब्यात पाहिले,
त्यांचा दुसरा दोराच झाला असणार.

पोळ्यानंतर शटर खाली आलं ते वर गेलं नाही.
बुटीबोरीला पोराकडे गेले म्हणतात.
ओटा आहे, गडीही आहेत,
खर्रा आता शेजारच्या टपरीवरून आणतात.

काल फाट्यावरून पोराचा फोन,
"ताई, दिघोरे जनरल कुठं आहे?
नकाशात तं इथंच दाखवते."
म्हटलं, निळं शटर दिसतं? बंद असलेलं?
तिथंच थांब बाबू, मी येते.
पत्ता बदलायचा मनात येतं दरवेळी,
पण समोर दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.

पोहोच म्हणून त्यानं फोटो काढला.
खोकं, माझा अर्धा हात,
आणि मागे शटरवर, रंग उडालेलं,
"येथे सर्व प्रकारचे".
पुढचं माझ्या डोक्याआड गेलं.