डाव्याला कळतं

मारेट उजव्या हातानं लिहिते
तेव्हा डाव्याची बोटंही
टेबलाच्या कडेवर लिहीत असतात काहीबाही,
शाईवाचून.
पावाला लोणी लावताना
पाव धरलेला हातच सुरीसारखा सरकतो.
लोणी बाहीला.
वाइके ओरडत नाही, आधीच बाह्या दुमडून देते.

शाळेतून चिठ्ठी आली तसे कुरेसारेला गेलो.
रस्त्याकडेची जुनिपरची झुडपं
बर्फात मानेपर्यंत बुडालेली.
डॉक्टर उर्वेनं तिला एका पायावर उभं केलं,
टाचांवर चालवलं,
मग म्हणाली, अंगठा एकेका बोटाला लाव बघू,
नाणी मोजल्यासारखा.
उजवा मोजू लागला.
मांडीवर निवांत पडलेल्या डाव्यानंही
हळूच मोजली, तेवढीच.

"किरकोळ आहे.
दोन खोल्यांमधलं दार अजून नीट लागत नाही.
दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं लागतं."
"आणि नाही लागलं तर?"
"तर पियानो जरा जड जाईल."
आमच्याकडे पियानो नाहीच, वाइके म्हणाली,
आणि आम्ही तिघं हसलो.
मारेट सोडून.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
हिच्या डाव्याला सगळंच कळतं.
टेबलाखाली उजव्यानं कुत्र्याला मासा दिला,
वर ताटाशेजारी डावा उघडला,
रिकामा.
लगेच पकडली गेली.

दहावं सरलं, अकरावं.
दार लागलं नाही.
हस्तकलेच्या तासाला सगळ्यांचे हातमोजे जोडीनं झाले,
हिचा एकच, तोही तिरका.
वर्गात तिला आरसा म्हणतात, हे मला
दुसऱ्याच कुणाच्या मुलानं सांगितलं.
आता ती डाव्या हातावर बसून गृहपाठ करते.

मी बावीस वर्षं फेरीबोटीवर आहे.
उजव्यानं इशारे करून गाड्या आत घेतो,
डावा खिशात.
सोबत्यांना वाटतं, थंडी.
वाइकेला वाटतं, ऐट.
लग्नाच्या फोटोतही तो खिशातच आहे.

काल जेवताना बाहेर काढला,
ताटाशेजारी ठेवला,
आणि उजव्यानं बटाट्यावर मीठ भुरभुरू लागलो.
डावाही भुरभुरू लागला,
लाकडावर, नसलेलं मीठ.

वाइकेचा चमचा थांबला.
मारेट बघत राहिली, बराच वेळ.
मग मांडीखालून तिनं आपला हात ओढून काढला,
लाल, चपटा झालेला,
खुर्चीच्या वेताची नक्षी उमटलेला.

"बाबा," म्हणाली,
"पुरे. खारट होईल."