रकाना सतरा

लाकडाच्या शेगडीला पाठ लावून मी बसतो,
मांडीवर तक्ता : बेचाळीस रकाने,
गळ्यात स्टॉपवॉच, बोटं गारठलेली.
किंचाव बेटावरची शाळा, भिंतींना लाकडी खवले,
बाहेर समुद्र, आत तेवीस पोरं
आणि एदुविहेस बाई. हातात कच्चा बटाटा.

रकाना सतरा :
प्रश्न संपला तिथपासून
पुढचा शब्द फुटेपर्यंतचा वेळ.

पहिला आठवडा. सरासरी शून्य पूर्णांक नऊ.
पापणी लवते न लवते तोच
बाई दुसऱ्याकडे वळत,
नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होत.
आकडा दाखवला तेव्हा हसल्या नाहीत.
"मी थांबते," म्हणाल्या, "चांगली थांबते."
घड्याळ काही बोललं नाही, मीही नाही.

मग आम्ही सांगितलं, तीन मोजा. मनात.
बाकी काही बदलू नका.

तीन सेकंद म्हणजे किती, हे
वर्गासमोर उभं राहून ज्यानं मोजलं
त्यालाच ठाऊक.
शेगडीत ओंडका तडकतो.
पहिल्या सेकंदाला हुशार हात वर जातात, सवयीनं.
दुसऱ्याला त्यातले दोन-तीन
आपल्याच उत्तराचा संशय येऊन
कोपरापाशी वाकतात.
तिसऱ्याला बाईंच्या गळ्याजवळची शीर उडते,
जणू गृहपाठ त्यांनीच केलेला नाही.

"कोणता तुकडा मोठा ? तिसरा हिस्सा की चौथा ?"

"चौथा !" लिएंतूर. चार मोठे ना तिनापेक्षा.
बाईंनी मान हलवली नाही, होही नाही, नाहीही नाही.
कुणी नाक ओढलं.
बंदरात बोटीचा भोंगा वाजून गेला.

आणि खिडकीकडच्या रांगेतून,
माझ्या तक्त्यात जिचा आवाज
एकवीस दिवसांत एकदाही नव्हता
ती होविता मान्सिया म्हणाली,
"बटाटा कोणाचा, त्यावर आहे.
आमचे बारके असतात."

मी लिहिलं : चार पूर्णांक दोन.
पुढच्या रकान्यात : उत्तर चूक.
उत्तरसूचीत 'तिसरा' होतं.

बाईंनी टेबलाचा खण ओढला,
आतून दुसरा बटाटा काढला, अंगठ्याएवढा, जांभळा.
पहिल्याशेजारी ठेवला.
आणि पुन्हा गप्प झाल्या.
ही शांतता आम्ही सांगितलेली नव्हती.
तिला रकाना नव्हता.

मी 'चूक' खोडलं.
मग नियमावली आठवली,
खोडलेलं पुन्हा लिहिलं.

पाच आठवड्यांनी चाचणी.
निम्म्यांनी धडा पुन्हा पुन्हा वाचला होता,
पिवळ्या पेनानं रंगवून. सगळं येतं म्हणत होते.
उरलेल्यांना बाई दर शुक्रवारी वह्या मिटायला लावत :
आठवेल ते लिहा, नाही आठवलं तरी लिहा.
ही पोरं कुरकुरत, खोडरबर झिजवत,
आपलं डोकंच चालत नाही म्हणून घरी जात.

निकाल उलटा लागला.
ज्यांना येत होतं त्यांचं बरंचसं वाहून गेलं होतं,
ज्यांना येत नव्हतं त्यांच्याकडे ते उरलं होतं.
मी दोनदा बेरीज तपासली.
लिएंतूरला खरं वाटेना. तो उरलेल्यांतला,
स्वतःचेच मार्क कुणा दुसऱ्याचे असावेत तसे
उलटसुलट करून बघत राहिला.

होविता त्या दिवशी नव्हती.
शिंपले काढायचा आठवडा, घरात हात कमी.
तिच्या ओळीत आम्ही छापलं :
माहिती उपलब्ध नाही.

परतीच्या फेरीवर तिकीट फाडता फाडता
खलाशानं विचारलं,
"मग, शाळेचे साहेब, पोरं शिकतात कशी ?"

मी तोंड उघडलं.

"पोटाला चिमटा बसला की !"
तोच म्हणाला, आणि पुढच्या बाईकडे वळला,
तिच्या पिशवीतून कोंबडी डोकावत होती.

खिशात माझा अंगठा आपोआप दाबला गेला होता.
शून्य पूर्णांक सात.