चौदा नंबर धुताना

क्लबची धुणी माझ्याकडे, एकवीस वर्षं झाली.
शनिवारी कोण कसं खेळलं ते मला सोमवारी कळतं,
तेही डागांवरून.

ह्लीनचे कपडे पहिल्यांदा माझ्या मशीनमध्ये आले
तेव्हा ती बारा वर्षांची होती.
मोज्यांतून ओंजळभर काळं रबर निघालं,
नकली गवतातलं, मिरीच्या भरडीसारखं.
बाकीच्या पोरींच्या मोज्यांत चिमूटभर असायचं.
मी तिच्या आईला म्हटलं, ही पळत नाही, नांगरते.
आई मासळीच्या कारखान्यातून थेट आलेली,
रबरी हातमोजे न काढताच हसली.

आमच्या फ्योर्डात डोंगर इतके अंगावर आलेले
की नोव्हेंबरात गेलेला सूर्य
जानेवारी सरता सरता तोंड दाखवतो.
त्या दिवशी घरोघर पॅनकेक होतात.
तोवर दिव्याच्या खांबाखाली ही एकटी
भिंतीवर चेंडू मारत राहायची, डाव्या पायाने,
कारण उजव्याला शिकवायची गरज नव्हती.
भिंत माझ्या धुलाईखोलीचीच.
ठप्. ठप्.
त्या ठोक्यावर मी घड्या घालायला लागले.
ठोका चुकला की टॉवेल उलटा दुमडला जाई.

पंधराव्या वर्षी मोठ्या संघात.
शर्ट मांड्यांपर्यंत लोंबणारा, पाठीवर चौदा.
नाव मीच इस्त्रीने चिकटवायचं होतं.
आमच्याकडे बहुतेकांना आडनाव नसतं,
बापाचं नाव, आणि त्यापुढे ‘ची मुलगी’.
तिचा बाप थोरगिल्स बोटीवर गेला
आणि दुसऱ्या बंदरात दुसरी चूल मांडून बसला.
ती म्हणाली, रानवेग, नुसतं ह्लीन लाव.
उरलेली अक्षरं मी ड्रॉवरमध्ये टाकली.
अजून आहेत.

मग स्वीडन. खरं गवत.
सुट्टीत आली की माहेरवाशिणीसारखी
सगळी बॅग माझ्यापुढे उपडी करायची.
हिरवे डाग! आमच्या मैदानावर असले डाग कुठले?
थंड पाणी, व्हिनेगर, जुना टूथब्रश,
एकेक काढायला शिकले.
एक मुद्दाम ठेवला, कोपरावरचा.

गुडघा गेला तो सामना टीव्हीवर होता.
कुणी ढकललं नाही, कुणी आडवं आलं नाही.
ती वळली, पाय वळला नाही.
एवढंच.
तो शर्ट आला तेव्हा छातीपाशी कापड
मुठीत धरून पिळलेलं होतं.
ती चुणी अजून इस्त्रीला दाद देत नाही.

करार संपला. पत्र आलं, सभ्य भाषेतलं.
ती परत आमच्याकडे, परत चौदा नंबर,
पण बाकावर.

आता सोमवारच्या ढिगात तो शर्ट
परीटघडीसकट येतो.
तसाच उचलून फळीवर ठेवला असता
तर कुणाला कळलंही नसतं. साबण वाचला असता.
मी तो मोडते, आणि बाकीच्या दहा जणींच्या चिखलात टाकते.
बाकावर घाम येत नाही असं ज्यांना वाटतं
त्यांनी कॉलर एकदा नाकाशी धरावी.

तेवीस वर्षांची आहे.
सहकारी दुकानात लोक तिच्यासमोरच म्हणतात,
काय खेळायची पोरगी!
ती दूध उचलते, सुटे पैसे मोजून देते.
खेळायची.
एका शब्दात किती स्वच्छ धुऊन टाकतात माणसाला.

काल रात्री अकरा वाजता,
जूनचा उजेड खिडकीत तसाच उभा,
मी टॉवेल काढत होते.
भिंतीवर: ठप्.
मग बराच वेळ काही नाही.
समुद्रपक्ष्यांचा कालवा, मशीनचा शेवटचा फेरा.
मी दोन टोकं हातात धरून थांबले.
ठप्.
डावा की उजवा, आवाजावरून कळेना.
टॉवेल उलटा दुमडला गेला.
राहू दिला.